आतली घडी

११ फेब्रुवारी, मंगळवार. ड्रोहेडा, आयर्लंड

पियूषला पोलीस घेऊन गेले. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला दोन दिवस लागले. नागपूरला कुणाशी बोलायची सोय नाही, इथे ओळखीचं कुणी नाही, म्हणून लिहून ठेवतो.

रविवारी सकाळी मी चहा गाळत होतो. पोट्टा कित्येक रात्री झोपला नव्हता. जगातल्या सगळ्या भाषा एकाच सूत्रात बसतात आणि ते सूत्र आपल्याला सापडलंय, असं हातवारे करत घरभर सांगत फिरत होता. मी म्हटलं, "सापडलं ना बापा, मग आता जरा आंग टाक." ज्ञानदा, माझी सून, आधीपासूनच घाबरली होती. तिला मी समजावलं, कामाचा ताण आहे, उतरेल. तेवढ्यात तो स्लिपरवरच बाहेर पडला आणि शेजारच्या ब्रीडाबाईंच्या घरात शिरला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊन टीव्ही आपटला, समोरच्या खिडकीच्या काचा फोडल्या. टीव्हीतून कुणी आपलं सूत्र चोरून ऐकतंय म्हणे. ब्रीडाबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. बिचाऱ्या न्हाणीघरात कडी लावून बसल्या.

काल कोर्टात उभं केलं. जज्जबाईंनी नाव विचारलं तर हा सूत्र समजावायला लागला. थांबेचना. वकील म्हणाला, आज जामीन मागून उपयोग नाही. आठवडाभरासाठी डब्लिनच्या तुरुंगात पाठवलाय. ज्याने लहानपणी दुसऱ्याच्या झाडाचा पेरू तोडला नाही, तो माझा पोरगा.

ज्ञानदा कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला माझ्या लेकीसारखी, नीलिमासारखीच आहे ती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वकिलाने ज्ञानदाला नि मला ऑफिसात बोलावून घेतलं. तरुण आहे, केस विस्कटलेले, पण सांगतो नीट. इथे कोर्टासाठी काम करणारी एक मानसिक आजारांची नर्स असते म्हणे. ती तुरुंगात जाऊन माणसाला बघते. आजारामुळे हातून गुन्हा झाला असं तिला वाटलं, तर ती तसा अहवाल देते, आणि जज्ज शिक्षेऐवजी उपचाराकडे पाठवतात. माणसाने औषध नीट घेतलं, दवाखान्यात वेळेवर गेला, तर पुढे खटलाच काढून टाकतात. डाग राहत नाही.

ज्ञानदाने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र त्या एका शब्दावर अडलो. डाग राहत नाही कसा? खटल्याचा नसेल राहत. दुसऱ्याचा?

नीलिमाचं अमरावतीच्या मंडळींकडे जमत आलंय. मुलगा संग्राम बँकेत आहे, शांत, निर्व्यसनी. पाडव्याला होकार कळवणार आहेत. भावाने रागाच्या भरात काच फोडली, दंड झाला, हे एक वेळ लोक गिळतील. भावाचं डोकं फिरलं म्हटल्यावर कोण मुलगी नेईल?

मी वकिलाला म्हटलं, "माय सन नॉट मेंटल. ओन्ली नो स्लीप." त्याने ज्ञानदाकडे बघितलं. ज्ञानदाने माझ्याकडे.

बसमध्ये तिने विचारलं, "बाबा, याला पूर्वी कधी असं झालं होतं?"

"नाही गं बेटा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला टायफॉइड झाला होता, तेवढंच. वर्ष गेलं त्यात."

टायफॉइडच म्हणतो आम्ही त्याला. पियूषची आई, सुचित्रा, असतानाच ते ठरलं होतं. तिच्यामागे मी तो शब्द मोडलेला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला. जामीन मिळाला. ब्रीडाबाईंच्या घराकडे जायचं नाही, गोळ्या घ्यायच्या, नर्सला भेटायचं, अशा अटी आहेत. तुरुंगातच गोळ्या सुरू केल्यात. बडबड थांबलीय, पण डोळे जड, हात थरथरतो, चमचा बशीला लागून टणटण वाजतो. जेवताना म्हणाला, "बाबा, थँक्स." कशाबद्दल ते बोलला नाही. मी पोळीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

२३ फेब्रुवारी, रविवार

नर्स बुधवारी घरी येणार आहे. शिवॉन नाव. नावात शिव आहे, तेवढंच बरं वाटलं.

ज्ञानदा म्हणते, जे आहे ते तिला दिसू द्या. काय दिसू द्या? लाळ पुसत बसलेला पोरगा? उभं आयुष्य सीताबर्डीच्या कापडदुकानात गेलं माझं. थानात कुठे डाग असला तर घडी अशी घालायची की डाग आत आणि काठ बाहेर. ती लबाडी नव्हे. कापड चांगलंच असतं. एका डागापायी अख्खं थान काहून परत जावं? आमच्या आळीतल्या मुलींच्या बघण्याच्या कार्यक्रमाला लोक मला मुद्दाम बोलावून न्यायचे. हरीशभाऊ असले की बैठक नीट होते, म्हणायचे. कुणाला कुठे बसवायचं, उजेड कुठून यावा, बोलणं कुठे वळवायचं, सगळं ठाऊक आहे मला.

आज पियूषची उजळणी घेतली.

"झोप कशी आहे?"

"चांगली."

"चांगली नाही, उत्तम म्हण. राग?"

"येत नाही."

"कामावर कधी जाणार?"

तो हसला. "बाबा, मुलगी बघायला येतेय का?"

"चेष्टा नको. सरळ बस."

हाताच्या थरथरीचं काय करावं? ती गोळीनेच आहे हे उघड दिसतं. त्याला म्हटलं, सकाळची गोळी पाहुणी येऊन जाईपर्यंत राहू दे. ज्ञानदाला सांगायची गरज नाही, ती घाबरते. त्याने मान वर केली. "परत?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "तेव्हा बिघडलं का काही? लग्न झालं ना थाटात?"

२६ फेब्रुवारी, बुधवार

कार्यक्रम उत्तम पार पडला!

पियूषला निळा शर्ट घातला, खिडकीकडे तोंड करून बसवला. थरथर गेली होती. चेहऱ्यावर तेज, बोलण्यात चटपटीतपणा. पहाटेच उठून त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, एवढा उत्साह. मी तर्री पोहे केले. शिवॉन पन्नाशीची, गुबगुबीत, बूट दारात काढून आली. संस्कार दिसले. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पठ्ठीने बशी खाली ठेवली नाही. "ग्रँड, ग्रँड," म्हणत सगळं संपवलं. इथे बरं, छान, चालेल, जगतो आहे, सगळ्याला ग्रँडच म्हणतात.

प्रश्न तिने पियूषला विचारले, उत्तरं बहुतेक मीच दिली. ज्ञानदा मध्ये बोलायला गेली तेव्हा तिला चहा ठेवायला पाठवलं. घराण्यात कुणाला काही? "नो नो. हेल्दी फॅमिली."

उठताना पियूष तिला म्हणाला, चला, मागची बाग दाखवतो. बाग कसली, कचऱ्याचे डबे आणि ओलं गवत. पण मला कौतुक वाटलं. खिडकीतून बघत होतो. बराच वेळ उभे होते दोघं, पावसाची भुरभुर चालू असूनही. पियूष बोलत होता, ती ऐकत होती. वहीसुद्धा काढली नाही तिने. एकदा तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. माणूस जिंकला की असंच होतं.

जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुमचं मुलावर फार प्रेम आहे. मी म्हटलं, "ऑल्वेज."

१ मार्च, शनिवार

बेसनाचे लाडू घेऊन ब्रीडाबाईंकडे गेलो. मला जायची मनाई नाही. खिडकीला अजून फळी ठोकलेली आहे. तक्रार मागे घ्याल का, म्हणून विचारायचं होतं.

"बसा, हॅरी," म्हणाल्या. मला हॅरीच म्हणतात. लाडू हातात फिरवून बघितला. "तक्रार आता पोलिसांची आहे, माझी नाही. आणि तुमच्या त्या पोराला तुरुंगात कशाला बसवायचं? त्याला डॉक्टर हवा."

मी म्हटलं, डॉक्टर नको, तो बरा आहे.

मग त्यांनी आपल्या भावाची गोष्ट सांगितली. मिक. शेत सांभाळायचा. एक दिवस वेड्यांच्या इस्पितळात नेला तो नेलाच. "आई लोकांना सांगायची, मिक इंग्लंडला आहे, बिल्डिंगच्या कामावर. ख्रिसमसला त्याच्या नावाने कार्डं यायची. आईच लिहायची. मेला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, लिव्हरपूलला मेला. कुणी सांत्वनाला आलं तर काय बोलावं ते आम्हालाच कळेना." बोलता बोलता चष्मा काढून डोळे पुसत राहिल्या.

घरी येताना मला जरा हलकं वाटलं. म्हणजे इथल्याही जुन्या लोकांची रीत हीच. घरची अब्रू सांभाळणारी माणसं सगळीकडे सारखी. तेवढ्यासाठी त्या का रडल्या, हे मात्र कळलं नाही.

४ मार्च, मंगळवार

पियूष पुन्हा कमी झोपतोय. गोळी सकाळची अजून सुरू केलेली नाही. बरा दिसतोय तर कशाला? रात्रीची घेतो. उद्यापासून करू.

६ मार्च, गुरुवार

घरातलं माणूसच उलटलं.

दुपारी शिवॉनचा ज्ञानदाला फोन आला. तशीच घरी येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. ऑफिसचं गळ्यातलं कार्डसुद्धा काढलं नव्हतं.

"बाबा, टायफॉइडला लिथियम देतात?"

मी म्हटलं, कोण म्हणतं?

"नागपूरच्या कुठल्या डॉक्टरांनी दिलं होतं ते मनाच्या आजाराचं औषध, डोस किती होता, का बंद केलं, ते विचारत होत्या. आणि मला काहीच सांगता आलं नाही. बायको आहे मी त्याची! त्या विचारत होत्या आणि मी 'सॉरी, सॉरी' म्हणत होते."

"हे बघ बेटा, जुन्या गोष्टी..."

"बेटा म्हणू नका. कांदेपोह्यांच्या दिवशी तुम्ही माझ्या बाबांना सांगितलंत, आमच्याकडे लपवाछपवी नाही. ते अजून सांगतात, हरीशभाऊंसारखा सरळ माणूस नाही. आणि सकाळची गोळी? कधीपासून बंद आहे ती?"

मी चहाचे कप उचलायला लागलो.

"बाबा! ती गोळी कोर्टाची अट आहे. ती चुकली आणि परत काही झालं तर त्याला सरळ आत टाकतील. कळतंय का तुम्हाला?"

गोळ्यांचं पाकीट उचलून तिने आपल्या कपाटात ठेवलं, किल्ली पर्समध्ये टाकली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "यापुढे प्रेसला हात लावू नका," म्हणाली. मला. परक्या चोराला सांगावं तसं.

नर्सच्या कानावर नागपूर गेलं ते हिनेच घातलेलं, दुसरं कोण? कुठून तरी उकरून काढलं असणार. जुने फोटो, जुन्या फायली, बायकांना काही सुटत नाही. लग्नात हिची पाठवणी होताना हिच्या आईइतकाच मी रडलो होतो. पहिल्या संक्रांतीला काळी साडी स्वतः निवडून पाठवली, काठ नि काठ तपासून. त्याचं हे फळ. तोंडावर 'बाबा, बाबा' आणि पाठीमागे कोर्टाला चुगली. नीलिमाच्या संसारावर पाय ठेवताना हिला काहीच वाटलं नाही?

रात्री तिच्या हातचं जेवलो नाही. ब्रेड भाजून खाल्ला. कुणी विचारलंही नाही.

१२ मार्च, बुधवार

ज्ञानदा बोलत नाही. मीही नाही. दोघांचे निरोप पियूष नेतो. "ज्ञानदा म्हणते, भाजी कुठली करू." "बाबांना सांग, पाऊस आहे, छत्री घेऊन जा." गोळ्या वेळेवर चालू आहेत. डोळे जड झाले असले तरी पोरगा रात्री घोरतो. घोरणं ऐकून झोपायची सवय मोडली होती माझी.

एकदा वाटलं, हिला नागपूरचं काही ठाऊकच नव्हतं, तर हिने सांगितलं कसं? पण बायकांचे मार्ग निराळे. तो विचार तिथेच सोडला.

२४ मार्च, सोमवार

कोर्ट.

मी मागच्या बाकावर होतो. ज्ञानदा पुढे. माझ्यासाठी जागा धरली नव्हती तिने. ब्रीडाबाई काठी टेकत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि पेपरमिंटची गोळी दिली.

शिवॉन उभी राहिली आणि अहवालातलं सांगू लागली. सावकाश, स्वच्छ इंग्रजी, एकही शब्द सुटला नाही. घरच्या भेटीत वडिलांनी आजाराचा इतिहास नाकारला. पत्नीला पूर्वीची काहीच माहिती नव्हती. "ही सगळी माहिती मला पियूषने स्वतः दिली. त्याने मला बाजूला नेऊन मदत मागितली. सकाळची गोळी घेतलेली नाही, हेही त्यानेच सांगितलं."

कचऱ्याचे डबे. ओलं गवत. दंडावरचा हात. मी खिडकीत उभा राहून कौतुक करत होतो.

जज्जबाईंनी त्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो उठला. हात थरथरत होता आणि त्याने तो खिशात घातला नाही.

"ब्रीडाच्या खिडकीबद्दल मला वाईट वाटतं. विसाव्या वर्षी मला हा आजार झाला. औषधाने बरा होतो. लग्नाच्या वेळी ते बंद केलं गेलं. मला ते परत हवंय, आणि यापुढे कुणासाठी बंद करायचं नाहीये."

"कुणासाठी" म्हणताना त्याने मागे वळून बघितलं नाही. तेवढी मेहेरबानी.

जज्जबाईंनी सप्टेंबरपर्यंत तारीख दिली. क्लिनिकला जायचं, औषध घ्यायचं, काचा भरून द्यायच्या. सगळं नीट पार पडलं तर खटला काढून टाकणार. चुकलं तर इथेच परत, आणि मग शिक्षेचं बोलणं. "तुम्ही स्वतः बोललात हे बरं झालं," म्हणाल्या. ब्रीडाबाई माझ्या कानात पुटपुटल्या, "शाब्बास त्याची." मी पेपरमिंट कडाकडा चावून टाकली.

सुनेवर उगाच आळ घेतला, हे मला कळत होतं. तिला तसं म्हणावं असं वाटलं, पण तोंड उघडलं नाही. राग गेला नव्हता, नुसता त्याने पत्ता बदलला. सून झाली तरी दुसऱ्या घरची. हा तर माझा. त्याच्या आजारपणात मी दुकानातून बिनपगारी रजा काढून त्याला भरवत बसलो. लोकांच्या तोंडाला तोंड दिलं. सुचित्रा गेली तेव्हा तिला वचन दिलं की याच्या कपाळावर शिक्का बसू देणार नाही. आणि यानेच भर कोर्टात, परक्या देशात, माझी घडी उलगडून सगळ्यांसमोर पसरली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बाबा, घरी जाऊ?" मी म्हटलं, तुम्ही जा. मी नदीकाठाने चालत आलो. भिजलो.

३० मार्च, रविवार. पाडवा

मॉपची दांडी, ज्ञानदाची जरीची ओढणी, तांब्याऐवजी स्टीलचा गडू. गुढी पियूषने उभारली. मी हात लावला नाही, लांबून नमस्कार केला.

दुपारी नीलिमाचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, अमरावतीचा होकार. तिचे डोळे सुजलेले होते.

"बाबा, मी संग्रामला दादाचं सांगितलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"दादानेच. तुरुंगातून आला त्याच आठवड्यात. आणि बाबा, मला त्याआधीही माहीत होतं. मी नऊ वर्षांची होते, आंधळी नव्हते. टायफॉइडच्या माणसाला कुणी खोलीत कोंडून ठेवतं का?"

"मग संग्राम काय म्हणाला?"

"तो म्हणाला, माझी हरकत नाही. त्याचे वडील म्हणाले, विचार करून कळवतो. बाबा, ते नाही म्हणाले तर म्हणू देत. पुढे कधी संग्रामला ज्ञानदावहिनीसारखं फोनवर 'सॉरी, सॉरी' म्हणायला लागू नये."

म्हणजे पियूषने नर्सला सांगितलं, नीलिमाला सांगितलं. नीलिमाने संग्रामला. संग्रामने वडिलांना. सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि मी एकटाच पहाऱ्यावर बसलो होतो. कुणाच्या राखणीला? आत तर कुणी नव्हतंच. इतकं एकटं मला सुचित्रा गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पियूष श्रीखंडाची वाटी घेऊन माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला.  श्रीखंड पातळ झालं होतं.

"रागावलायत."

"तूच म्हण, काहून नको रागावू? आधी मला सांगायचं होतंस. एकदा तरी."

"सांगितलं होतं, बाबा. लग्नाच्या आधी. तुम्ही म्हणालात, आता पत्रिका वाटून झाल्या."

यावर मला आठवेना काय म्हणालो होतो ते. आठवलं असतं तरी लिहिलं नसतं.

वाटीत चमचा फिरवत तो म्हणाला, "गुरुवारी क्लिनिक आहे. घरचं कुणीतरी लागतं, डॉक्टरांना जुनं विचारायचंय. ज्ञानदाला रजा नाही. तुम्ही याल?"

"मी येऊन काय सांगणार? तुला सगळं येतंच की सांगता."

"काही सांगू नका. मीच सांगेन. तुम्ही फक्त 'नाही' म्हणू नका."

वाटी ठेवून तो गेला. मी हो म्हणालो नाही. श्रीखंडही तसंच राहिलं. पोटच्या पोराने बापाला असं बजावून जावं, याचा सल आहेच, तो एका सणाने जायचा नाही.

गुरुवारची क्लिनिककडे जाणारी बस कुठून सुटते ते ज्ञानदाला ठाऊक असणार. पण ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि आधी बोलावं लागेल ते मला. जमलं नाही तर ब्रीडाबाईंना विचारीन.